एका टोपाचं धोंडस

एकदा एक सुगरण एका म्हाताऱ्या आचाऱ्याकडे गेली आणि म्हणाली, "तात्या, मला असं काहीतरी गोड शिकवा, की ते खाऊन माणूस घर सोडून जाणार नाही." असं पक्वान्न जगात असतं, तर मंडळी, निम्मी घरं मोडलीच नसती, हे तुम्हाला-आम्हाला कळतं. तिलाही कळत असणार. पण माणूस घाबरला की त्याची अक्कल जरा रजेवर जाते, आणि ही बाई मनापासून घाबरलेली होती.

तिचं नाव मंदाकिनी. तळकोकणातल्या एका लहानशा गावी तिचं एकत्र कुटुंब. ती आणि तिचे यजमान, धाकटा दीर आणि त्याची बायको शालन, शिवाय दोघींची मुलं. सासू-सासरे मागेच गेलेले, त्यामुळे घरात थोरली तीच. दोन जावांचं इतकं चांगलं जमायचं की शेजारच्या बायकांना ते खुपायचं. आणि त्याच शालननं आता वेगळं राहायचं ठरवलं होतं. बाजारपेठेच्या पलीकडे जागा बघून झाली होती, दसऱ्याला तिथं चूल पेटायची होती. भांड्यांची वाटणीसुद्धा होऊन गेली होती. शालनच्या वाट्याची भांडी पोत्यात बांधून माजघराच्या कोपऱ्यात ठेवली होती, आणि येता-जाता ते पोतं दिसलं की मंदाकिनी नजर फिरवायची.

भांडण म्हणावं तर भांडणही नाही. भांडण असतं तर मिटवता आलं असतं. मंदाकिनीनं विचारलं, "शालन, माझं काही चुकलं का गं?" त्यावर शालन एवढंच म्हणाली, "तसं काही नाही ताई. जरा सुटसुटीत बरं." यजमानांना विचारलं, तर त्यांनी वर्तमानपत्रातून डोकं न काढता "ह्यॅ, बायकांचं काही कळत नाही," असं एक मौलिक मत दिलं. झालं! चौकशी संपली.

मंदाकिनीच्या हाताला मात्र गुण होता, हे कुणीही मान्य करील. शहरात जाऊन ती केकचा रीतसर वर्ग करून आली होती. घरात वाढदिवस असो, पाहुणे असोत, नाहीतर नुसता रविवार असो, तिच्या गोल ओव्हनमधून काहीतरी फुगून बाहेर यायचं. 'मंदावहिनींचा केक' ही गावात एक संस्थाच झाली होती. तेव्हा शालनला थांबवायचं तर आपल्या हातच्या गोडानंच, असं तिच्या मनानं घेतलं. फक्त नेहमीच्यापेक्षा वरचढ काहीतरी हवं, म्हणून ती तात्यांकडे आली.

हे तात्या एके काळी त्या पंचक्रोशीतले पहिल्या प्रतीचे आचारी. लग्नं, मुंजी, उत्सव, सगळीकडे त्यांचा शब्द अखेरचा. आता वयोमानानं बाहेरची कामं सोडून पोफळीच्या बागेतल्या घरात एकटेच राहत. शिकायला येणाऱ्यांना ते सहसा दारातूनच परत पाठवत, कारण स्वभाव फटकळ. मंदाकिनीचं सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "कृती मागाहून. आधी तुला काय येतं ते बघू दे. उद्या तुझी सगळी हत्यारं घेऊन ये, आणि तुझं सगळ्यात नावाजलेलं असेल ते इथं करून दाखव."

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा आली, आणि रिक्षातून मंदाकिनीबरोबर जे काही उतरलं ते बघून तात्यांचं मांजर माळ्यावर पळालं. ओव्हन, चाळण्या, लहान-मोठी वाडगी, मापाचे कप, मापाचे चमचे, फेसायचं यंत्र, साचे, फिरता पाट, चकचकीत उलथनी. अंगणात जणू भांड्यांचं दुकान मांडलं. मग तिनं पदर खोचला आणि कामाला लागली. एका वाडग्यात मैदा चाळला, दुसऱ्यात लोणी फेसलं, तिसऱ्यात अंडी, पातेल्यात साखर जाळून तिचा तांबूस पाक केला, काजू वेगळे भाजले. तात्या खांबाला टेकून बघत राहिले.

केक उत्तम झाला. अगदी उत्तम. करपट-गोड वास बागेच्या टोकापर्यंत गेला. मंदाकिनीनं वाफाळता तुकडा कापून बशीत घातला आणि तात्यांच्या पुढ्यात धरला. तिच्या परीक्षेचा निकाल लागायचा होता ना!

तात्यांनी बशीकडे पाहिलंसुद्धा नाही. ते उठले, धोतर वर खोचलं, अंगणात आणि चुलीपाशी पसरलेली सगळी खरकटी भांडी एकेक करून उचलली आणि मागल्या अंगणात माडाखाली घेऊन गेले. तिथं भांडी घासायचा दगड होता. त्यांनी पाट ओढला, राख घेतली, काथ्याचा बोळा घेतला आणि चक्क भांडी घासायला बसले.

"अहो तात्या!" मंदाकिनी बशी हातात घेऊन मागे धावली. "हे काय भलतंच! राहू द्या ना. मला पाप लागेल."

"लागू दे," तात्या म्हणाले. त्यांनी एक वाडगं उचललं. "ह्यात काय केलंस?"

"मैदा चाळला."

"आणि ह्यात?"

"त्यात... तोच मैदा पुन्हा ओतला."

"का गं? पहिल्यात त्याला करमत नव्हतं?"

मंदाकिनीला हसू आलं, पण तात्या हसत नव्हते. "वर्गात तसंच शिकवलं होतं," ती म्हणाली. "सगळं मोजून वेगवेगळं मांडून ठेवायचं. दिसायला नीटनेटकं दिसतं."

"दिसतं खरं," तात्या म्हणाले आणि घासू लागले.

ती मध्ये पडायला गेली तर म्हाताऱ्यानं हातानंच थांबवलं. बाकीची भांडी निघाली, पण पाकाचं पातेलं काही केल्या निघेना. जळलेली साखर तळाला घट्ट धरून बसली होती. तात्यांनी गरम पाणी आणलं, वाट बघितली, पुन्हा खरवडलं. बोटं लाल झाली, नखांत काळं गेलं. मंदाकिनीच्या हातातल्या बशीवरची वाफ केव्हाच विरून गेली होती.

"घरी कोण घासतं हे?" मान वर न करता तात्यांनी विचारलं.

"घरी? घरी शालन घासते."

"तू सांगतेस तिला?"

"छे हो! मी आजवर एका शब्दानं तिला काम सांगितलेलं नाही. ती आपण होऊनच करते."

"तू सांगितलं असतंस, तर तिला नाही म्हणता आलं असतं."

तात्यांनी पातेलं पालथं घातलं, हात धुतले, पंच्याला पुसले आणि मग तिच्या हातातून बशी घेतली. तुकड्याला मुंग्या लागायला सुरुवात झाली होती. त्यांनी त्या फुंकून उडवल्या आणि दगडाच्या कडेला बसूनच तो गार तुकडा शांतपणे खाल्ला.

"चांगला आहे," ते म्हणाले. "गरम असताना कसा लागतो, ते मात्र मला विचारू नकोस. मी तेव्हा भांडी घासत होतो. शालन केव्हा खाते गं?"

"सगळ्यांबरोबरच की..." मंदाकिनी बोलायला लागली आणि मध्येच थांबली. कारण तिला आता घरचा केकचा दिवस जसाच्या तसा डोळ्यांपुढे दिसला. आपण मधोमध उभ्या, हातात सुरी. भोवती यजमान, दीर, मुलं, पाहुणे. वा वा आणि आणखी एक तुकडा. आणि मागल्या दारी मोरीतून येणारा शालनचा आवाज, "ताई, माझा झाकून ठेवा हं." आपण तो नेमानं झाकून ठेवत होतो. चांगला मोठा तुकडा ठेवत होतो. आणि त्याबद्दल आपल्याला स्वतःचं कौतुकही वाटत होतं.

"पण तात्या," ती चाचरत म्हणाली, "चार भांड्यांवरून कुणी घर मोडतं का?"

तेव्हा तात्या बोलले. ते फारसं बोलणारे नव्हते, म्हणून जेवढं बोलले तेवढं सांगतो.

"ऐक बाय. भांड्यांनी घर मोडत नाही. ती भांडी कुणालाच दिसत नाहीत, त्यानं मोडतं. कुठलाही पदार्थ दोन जागी होतो, निम्मा चुलीवर आणि निम्मा मोरीत. तू चुलीवरचा निम्मा केलास आणि कौतुक सगळं घेतलंस. दुसरा निम्मा जिनं केला, तिच्या वाट्याला काय आलं? झाकून ठेवलेला गार तुकडा. आणि तिला थांबवायला तू काय घेऊन निघालीस? आणखी मोठा केक! म्हणजे आणखी मोठा ढीग. तिनं तोंड का उघडलं नाही, असं तुला वाटत असेल. घरी कामाला येणारी बाई असती, तर दुसऱ्याच दिवशी बोलली असती. जाऊ बोलत नाही. जाऊ वेगळी चूल मांडते."

मंदाकिनी तिथंच माडाला टेकून रडली. तिला लाज वाटली आणि रागही आला. स्वतःचा तर आलाच, पण खरं सांगायचं तर थोडा तात्यांचाही आला. आपलं व्यंग दाखवणाऱ्याबद्दल पहिल्या झटक्यात कृतज्ञता वाटणारी माणसं व्याख्यानांतच भेटतात.

तात्यांनी तिला रडू दिलं. मग म्हणाले, "झालं? आता डोळे पूस आणि तो टोप घे. तू कृती मागायला आली होतीस. आता ती देतो."

आपल्याकडे पावसाळा सरताना मोठाली पिवळी तवशी होतात, काकडीची थोरली बहीणच ती. दोरीला बांधून माळ्याच्या वाशाला टांगून ठेवतात. तात्यांनी त्यातलं एक उतरवलं. टोपात तूप सोडून तांदळाचा जाडसर रवा भाजायला लावला. रवा खमंग झाल्यावर टोपावरच किसणी धरून तवसं किसायला सांगितलं, म्हणजे किस आणि त्याचं पाणी सरळ रव्यात.

"मोजायचं नाही?" मंदाकिनीनं विचारलं.

"रवा तहानलेला दिसतोय तोवर किस."

त्यातच गूळ हातानं फोडून टाकला, खवलेला नारळ, वेलची, चिमूटभर मीठ. ढवळायला एक डाव तेवढा फिरत होता. मिश्रण कडा सोडू लागलं, तसं तात्यांनी केळीचं पान विस्तवावर शेकून मऊ केलं, गोळा त्या पानावर काढला आणि पानासकट पुन्हा त्याच टोपात बसवला. वर झाकण, झाकणावर करवंट्यांचे निखारे, खाली थोडी धग. हेच आपलं धोंडस. ओव्हन जन्माला येण्याआधीपासून आपल्या बायका खाली-वर विस्तव ठेवून ते भाजत आल्या आहेत.

"आता?" मंदाकिनीनं विचारलं.

"आता किसणी धू."

तिनं किसणी धुतली, डाव धुतला. वास सुटला तेव्हा तात्यांनी निखारे झाडले आणि पानाच्या कडा धरून अख्खं धोंडस पाटावर उतरवलं. पानामुळे टोपाला जवळजवळ काही लागलंच नव्हतं. मंदाकिनीनं सवयीनं सुरी उचलली.

"ठेव ती. गरम कापलंस तर भुगा होईल. निवायला वेळ लागतो त्याला, आणि तो वेळ टोप घासायचा. माझ्या घरी एवढा एकच नियम आहे. टोप पालथा पडल्याशिवाय पहिला तुकडा पडत नाही."

तिनं टोप घासला आणि पालथा घातला. मग दोघांनी शेजारी शेजारी बसून कोमट धोंडस खाल्लं. मागे करायचं काहीही शिल्लक नव्हतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मंदाकिनीनं ओव्हनला हातच लावला नाही. घरात धोंडसाजोगा मोठा टोप एकच होता, सासूबाईंच्या वेळचा, कल्हई केलेला. पण वाटणीत तो शालनकडे गेला होता. ती माजघराच्या दारात जाऊन म्हणाली, "शालन, आजच्या दिवस तुझा टोप देतेस?" 'तुझा' म्हणताना तिचा आवाज जरा हललाच. शालननं पोत्याची गाठ सोडून टोप काढून दिला, पुन्हा गाठ मारली आणि कपड्यांच्या घड्या घालायला परत गेली.

मागल्या अंगणातल्या चुलीवर धोंडस झालं. मंदाकिनीनं ते पानासकट पाटावर उतरवलं. यजमान आणि मुलं वासानं आलीच होती. यजमान म्हणाले, "काप की आता. वाट कसली बघतेस?"

"निवू दे. तोवर कुणी हात लावायचा नाही."

मंडळी चुळबुळत बसली आणि मंदाकिनी भांडी घासायच्या दगडाशी गेली.

थोड्या वेळानं वासावरून शालनला कळलं की गोड झालं, म्हणजे आपली वेळ झाली. ती सवयीप्रमाणे पदर खोचून मागल्या दारी आली. दगड ओला होता, पण रिकामा. किसणी भिंतीला टांगलेली, डाव खुंटीला, टोप पालथा.

"ताई, भांडी कुठायत?"

"घासली."

"कुणी?"

"मी."

एखाद्या पाहुणीकडे बघावं तशी शालन आपल्या जावेकडे बघत होती. मंदाकिनीनं तिचा खोचलेला पदर हळूच सोडवला, तिला पाटावर बसवलं आणि पहिला तुकडा तिच्या पानात ठेवला. कडेचा, खरपूस. मुलांनी आरडाओरडा केला, तर म्हणाली, "थांबा रे. आधी काकीचा."

शालननं घास घेतला. सावकाश चावला. मग ती अगदी साधेपणानं म्हणाली, "कोमट असताना असं लागतं होय हे?"

टोमणा नव्हता तो. तिला खरोखरच माहीत नव्हतं, आणि टोमणा नव्हता म्हणूनच तो प्रश्न मंदाकिनीच्या वर्मी लागला. तिनं बोलायचं बरंच काही मनाशी जुळवून ठेवलं होतं. पण ती एवढंच म्हणाली, "माझं चुकलंच, शालन."

अशा वेळी 'छे हो ताई, असं काय बोलता' असं म्हणायची आपल्यात रीत आहे. शालननं ती पाळली नाही. ती म्हणाली, "हो." आणि डोळे पुसून तिनं दुसऱ्या तुकड्यासाठी पान पुढं केलं.

खाणं झालं, पुरुष आणि मुलं पांगली. मंदाकिनीनं टोप फडक्यानं कोरडा पुसला आणि माजघरात पोत्यापाशी नेला. ज्याचा जिन्नस त्याला परत द्यायला हवाच होता. ती वाकून गाठ सोडू लागली, तेव्हा दारातून शालन म्हणाली, "ताई, तो नका बांधू. फळीवर राहू दे."

मंदाकिनीनं टोप फळीवर ठेवला. मागं वळून बघायचं तिला धाडस होईना. शालन आत आली आणि पोत्यापाशी खाली बसली.

"पण केक केलात, तर भांडी तुमची."

"माझी."

"पाकाचं पातेलंसुद्धा."

"तेसुद्धा," मंदाकिनी म्हणाली.

मग शालननं पोत्याची गाठ सोडायला घेतली.